दुसऱ्या बरगडीपाशी

खानदेशातला शेतकरी आपल्या बांधावरचा दगड अंधारातही ओळखतो. कोणाची शीव कोठे संपते, पाटाचे पाणी कोणत्या वळणावरून कोणाच्या शेतात जाते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पण ज्या देहात आपण जन्मभर राहतो त्या देहाच्या शिवा आणि त्याच्या खुणा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतात. दुखू लागल्यावाचून तिकडे आपले लक्ष जात नाही, आणि दुखू लागले म्हणजे आपण ते सर्वस्वी डॉक्टरांच्या स्वाधीन करतो. अशाच एका लहानशा खुणेविषयी आज लिहावयाचे आहे. ती प्रत्येकाच्या छातीवर आहे, वाचकांनी मनात आणले तर या क्षणी बोटाने शोधता येईल अशी आहे, आणि आमच्या कुटुंबावर तिचे मोठे ऋण आहे.

गळ्याच्या मुळाशी दोन्ही गळपट्टीच्या हाडांमध्ये एक खळगी असते. तेथे बोट ठेवावे आणि छातीच्या मधल्या हाडावरून ते सावकाश खाली आणावे. सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे खाली आले की बोटाला एक आडवा उंचवटा लागतो. कोणाच्या छातीवर तो स्पष्ट असतो, कोणाच्या पुसट. पण असतो हे निश्चित. छातीचे मधले हाड, ज्याला आपण उरोस्थी म्हणतो, ते एकसंध नसून तीन भागांचे आहे. जुन्या शरीररचनाकारांना त्यात एका आखूड तलवारीचा आकार दिसला. वरच्या रुंद भागाला त्यांनी लॅटिनमध्ये ‘मूठ’ या अर्थाचे नाव दिले, मधल्या लांब भागाला पात्याचे आणि खालच्या टोकाला तलवारीच्या अग्राचे. मूठ आणि पाते जेथे जुळतात तेथे ती दोन्ही एका सरळ रेषेत नसतात. त्यांच्यात सुमारे एकशे साठ अंशांचा कोन होतो. तोच हा उंचवटा. मराठीत त्याला उरोस्थिकोन म्हणता येईल. डॉक्टर मंडळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला ‘अँगल ऑफ लुई’ म्हणत आली आहेत.

या कोनाचे पहिले महत्त्व असे की त्याच्या दोन्ही बाजूंस दुसरी बरगडी येऊन मिळते. बरगड्यांच्या बारा जोड्या. पण त्या मोजावयाच्या तर आरंभ कोठून करावा? पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते आणि बोटाला सहसा सापडत नाही. म्हणून मोजणी दुसरीपासूनच सुरू होते. उंचवट्यावर बोट ठेवायचे, बाजूला सरकवायचे, ती दुसरी बरगडी. तिच्याखालची फट ती दुसरी फट. तेथून तिसरी, चौथी, पाचवी. हृदयाचा ठोका जेथे हाताला लागतो ती जागा डाव्या बाजूच्या पाचव्या फटीत असते. हृदयाच्या झडपांचे आवाज ऐकण्याच्या ठरलेल्या जागांपैकी दोन दुसऱ्या फटीत, उरोस्थीच्या उजवीकडे व डावीकडे आहेत. हृदयाचा विद्युत्‌आलेख, म्हणजे ज्याला सर्वजण ईसीजी म्हणतात, तो काढताना छातीवरच्या पहिल्या दोन पट्ट्या चौथ्या फटीत लावाव्या लागतात. त्या एका फटीने वर लागल्या तर कागदावर निराळेच चित्र उमटू शकते आणि नसलेला विकार दिसू लागतो. एवढे सारे त्या एका उंचवट्यावरून मोजण्यावर अवलंबून असते.

हे मला ग्रंथांतून नव्हे, तर वडिलांच्या आजारपणातून कळले. बाबांनी भुसावळच्या रेल्वेत उभी हयात काढली. आरंभी ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. निवृत्तीनंतर आम्ही जळगावला राहू लागलो. १९९३ च्या पावसाळ्यात त्यांना दम लागू लागला. प्रथम जिना चढताना, मग सपाटीवर चालताना, आणि दिवाळीच्या सुमारास रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या. दोन उशांच्या तीन झाल्या. अखेरीस ते भिंतीला टेकून बसूनच रात्र काढू लागले.

आमच्या खानदेशात अहिराणी बोलणारा मनुष्य डॉक्टरांपुढे गेला की ‘माले दम लागस’ एवढेच सांगतो. बाबाही तेच सांगत. यात सांगणाऱ्याचा दोष नाही. धाप लागलेल्या माणसाला याहून अधिक बोलवतही नाही. पण या तीन शब्दांच्या आड दोन अगदी निराळे विकार लपलेले असतात. दम फुफ्फुसामुळे लागतो, तसाच तो हृदयामुळेही लागतो. हृदयाची शक्ती मंदावली म्हणजे रक्त पुढे जाण्याऐवजी मागे तुंबते, फुफ्फुसांत पाणी झिरपते आणि श्वास कोंडतो. बाबांनी आयुष्यभर कोळशाचा धूर आणि राख यांत काम केलेले. तेव्हा ज्या दवाखान्यात आम्ही त्यांना नेत होतो तेथे दमा असे निदान झाले, आणि चार महिने दम्याच्या गोळ्या व इंजेक्शने चालू राहिली. दर आठवड्याला पैसे जात, पायांवर सूज चढे आणि आई प्रत्येक रविवारी मिस्सानंतर वेदीसमोर थोडा अधिक वेळ गुडघे टेकून बसे.

नाताळासाठी थोरल्या बहिणीने आम्हां सर्वांना धुळ्याला बोलावले. एरंडोल, पारोळ्यावरून जाणारा तो बसचा प्रवास बाबांना फार जड गेला. दुसऱ्याच दिवशी मेहुण्यांनी त्यांना तेथील एका वयस्क डॉक्टरांकडे नेले. मी सोबत होतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावण्याआधी बाबांना खाटेवर निजवले, पाठीमागचा भाग अर्धा उचलला आणि म्हणाले, “बाबा, मान थोडी डावीकडे वळवा आणि अंग सैल सोडा.” मग ते काही बोललेच नाहीत. बाबांच्या मानेच्या उजव्या बाजूकडे, तिरप्या उजेडात, ते बराच वेळ पाहत राहिले. नंतर छातीवरच्या त्या उंचवट्यावर त्यांनी एक फूटपट्टी उभी धरली, दुसरी पट्टी मानेपासून आडवी आणून पहिलीला टेकवली, आणि आकडा वाचला. आठ सेंटिमीटर. “हा दमा नाही,” ते म्हणाले. “हृदय थकले आहे.”

दोन फूटपट्ट्यांनी हे कसे कळले, असे बाबांनीच त्यांना विचारले. डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते असे: मानेच्या उजव्या बाजूने जी मोठी शीर खाली जाते ती जवळजवळ सरळ रेषेत हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला मिळते. त्यामुळे कप्प्यात दाब जितका असेल तितक्या उंचीपर्यंत त्या शिरेत रक्त चढलेले असते. अर्धवट बसलेल्या माणसाच्या मानेत त्या रक्ताच्या पातळीची थरथर डोळ्यांना दिसते. निरोगी माणसात ती उरोस्थिकोनापासून उभ्या रेषेत तीन-चार सेंटिमीटरच्या वर जात नाही. त्याहून वर गेली तर समजावे की हृदयाला आलेले रक्त पुढे ढकलता येत नाही. बाबांनी हे ऐकून घेतले आणि धापा टाकतच म्हणाले, “म्हणजे आमच्या इंजिनातली गेज ग्लासच की.” वाफेच्या इंजिनात बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी असते. आतले पाणी कोणालाही दिसत नाही; नळीतले दिसते, आणि तिच्यावर डोळा ठेवून फायरमन साऱ्या गाडीचा जीव सांभाळतो. डॉक्टर हसले. आपण इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांना ही उपमा दिली नाही, आता देऊ, असे म्हणाले.

मीठ कमी झाले, लघवी वाढवणारे औषध सुरू झाले, हृदयाला आधार देणारी गोळी मिळाली. दहा दिवसांत सूज उतरली आणि बाबा एका उशीवर झोपू लागले. त्यानंतर ते सहा वर्षे जगले. दोन नातवंडांचा पहिला कम्युनिअन त्यांनी पाहिला. गेलेल्या चार महिन्यांविषयी आई पुढेही चिडून बोलत असे. बाबा मात्र एवढेच म्हणत की ज्याने पाहिले त्याला दिसले.

तेव्हापासून त्या ‘लुई’विषयी माझ्या मनात कुतूहल राहिले. आपल्या समाजात लुईस हे नाव घरोघरी आढळते. त्यामुळे हा आपल्यापैकीच कोणी असावा अशा आपुलकीने मी शोध घेऊ लागलो. जे हाती आले ते गमतीचे होते. ही खूण नेमक्या कोणत्या लुईच्या नावाची आहे याविषयी शरीररचनेच्या अभ्यासकांतच एकमत नाही.

एक लुई म्हणजे आंत्वान लुई. १७२३ मध्ये जन्मलेला, १७९२ मध्ये वारलेला हा नामांकित फ्रेंच शल्यचिकित्सक पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीचा चिटणीस होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात शिरच्छेदाचे जे यंत्र तयार झाले त्याच्या रचनेत त्याचा हात होता, आणि गिलोटिन हे नाव रूढ होण्यापूर्वी लोक त्या यंत्राला याच्याच नावावरून ‘लुईझेत’ म्हणत. दुसरा लुई म्हणजे प्येर शार्ल आलेक्सांद्र लुई. जन्म १७८७, मृत्यू १८७२. हा पॅरिसच्या रुग्णालयांतील वैद्य. क्षयावर आणि फुफ्फुसांच्या विकारांवर त्याने आयुष्य वेचले. त्यात भर म्हणून एक जर्मनही आहे. लॅटिनमध्ये या खुणेचे नाव ‘लुडोविकसचा कोन’ असे होते. लुडोविकस म्हणजे फ्रेंचांचा लुई आणि जर्मनांचा लुडविग. म्हणून काहींनी हे श्रेय लुडविग नावाच्या एका जर्मन वैद्यालाही देऊन टाकले! आणि ज्यांनी मानेतील शिरेची पातळी या कोनापासून मोजण्याची रीत १९३० साली वैद्यकात रुजवली, ते ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ सर थॉमस लुईस. मराठीत लिहू गेले तर हा आणखी एक लुईसच.

यांपैकी अनेक जण प्येर लुईच्या बाजूने कौल देतात. तो कौल पुराव्यावर कितपत टिकेल हे विद्वानांनी ठरवावे. परंतु या माणसाचे चरित्र वाचल्यावर मला वाटले की नाव चुकून दिले गेले असले तरी ते योग्य माणसाला मिळाले आहे.

तरुणपणी प्येर लुई रशियात गेला आणि तेथे त्याने काही वर्षे वैद्यकी केली. तेथे घटसर्पाची साथ आली, मुले डोळ्यांदेखत जाऊ लागली आणि आपल्या विद्येचा काडीचाही उपयोग होत नाही हे त्याला कळून चुकले. दुसरा कोणी दैवाला बोल लावून स्वस्थ बसला असता. लुई १८२० च्या सुमारास पॅरिसला परतला, चालती वैद्यकी त्याने सोडली आणि एका रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्ण पाहणे, टिपणे करणे आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून ती टिपणे ताडून पाहणे हेच काम स्वीकारले. १८२५ मध्ये क्षयरोगावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या काळी ज्वर असो की फुफ्फुसदाह, शिरा कापून किंवा जळवा लावून रक्त काढणे हा सर्वमान्य उपचार होता. मोठमोठे वैद्य तो करीत म्हणून लहान वैद्यही करीत. लुईने फुफ्फुसदाहाच्या ७७ रुग्णांची नोंद घेतली: कोणाचे रक्त आजाराच्या पहिल्या दिवसांत काढले, कोणाचे नंतर, कोण किती दिवस आजारी राहिला, कोण दगावला. मग त्याने आकडे शेजारी शेजारी मांडले. ज्यांचे रक्त लवकर काढले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी नव्हे, उलट अधिक निघाले. या उपचाराचा जो गवगवा आहे तितके त्यात सामर्थ्य नाही, असे १८३५ च्या पुस्तकात त्याने जगापुढे मांडले. रुग्ण मोजावेत, तुलना करावी आणि मगच बोलावे ही त्याची रीत. आज कोणतेही नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ज्या चाचण्या होतात त्यांची एक जुनी मुळी या मोजणीत आहे.

त्याच पॅरिसमध्ये त्याच काळी रने लाएनेक हा वैद्य होता. श्रद्धाळू कॅथलिक म्हणून तो ओळखला जाई. १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून त्याने एका स्त्रीच्या छातीचे आवाज ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. १८१९ मध्ये त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. छातीच्या ज्या रोगाचे आवाज त्याने जगाला ऐकवले त्याच क्षयाने तो १८२६ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. लुईच्या वाट्याला याहून कठीण दुःख आले. त्याचा एकुलता एक मुलगा १८५४ मध्ये क्षयानेच गेला. ज्या रोगाचे रुग्ण बापाने वर्षानुवर्षे मोजले तोच रोग त्याच्या घरात शिरला. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, आणि त्यावर लागू पडणारे पहिले औषध सापडले १९४३ मध्ये. तोपर्यंत मोजण्याखेरीज वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. पण ती मोजणी नसती तर पुढची औषधे कामाची आहेत की नाहीत हे तरी कशावरून ठरले असते?

शरीररचनेच्या परिभाषेची जी आंतरराष्ट्रीय यादी १९९८ मध्ये निघाली तिच्यात व्यक्तींच्या नावांना थारा नाही. तेथे या खुणेचे नाव साध्या शब्दांत ‘उरोस्थीचा कोन’ एवढेच आहे. ते योग्यच आहे. देहावरची जागा देहाच्याच नावाने ओळखली जावी. तरीही धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली माझी भाची अजून ‘अँगल ऑफ लुई’च म्हणते. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या दालनात तिला हा कोन प्रथम दाखवला गेला, तेव्हा त्याच पातळीवर आत काय काय आहे ते तिने मला पाठ म्हणून दाखवले होते. तेथून सरळ मागे गेले तर पाठीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती लागते. तेथेच महाधमनीच्या कमानीचा आरंभ होतो आणि तेथेच शेवटही. शवात श्वासनलिका तेथेच दुभंगते. जिवंत, उभ्या माणसात ती जागा थोडी खाली उतरते. बाहेरून एका बोटाने दाखवता येणारी खूण आणि आत इतक्या वाटांचा चौक! धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना भेटतात तसे काहीसे.

त्या रस्त्यांवरचे अपघात हा खानदेशाचा नेहमीचा शोक आहे. ट्रकच्या धडकेत फुफ्फुस फाटते, छातीत हवा कोंडते आणि काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. अशा वेळी कोंडलेली हवा सोडण्यासाठी डॉक्टर दुसऱ्या फटीत सुई घालीत, आणि ती फट याच कोनावरून सापडे. प्रौढांसाठी ही जागा आता बदलली आहे. २०१८ पासून अपघातचिकित्सेच्या प्रशिक्षणात काखेजवळची चौथी किंवा पाचवी फट सांगितली जाते, कारण पुढच्या बाजूने छातीची भिंत अनेकांत इतकी जाड असते की सुई आत पोचत नाही. मानेतील शिरेच्या मोजणीलाही अशीच मर्यादा आढळली आहे. हा कोन हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या मध्यापासून नेहमी पाच सेंटिमीटर वर असतो असे पुस्तके सांगत. या शतकाच्या आरंभी सीटी स्कॅनवर मोजून पाहिले तेव्हा आडव्या माणसात ते अंतर पाचाच्या जवळपास, पण अर्धवट बसलेल्यात त्याहून बरेच अधिक निघाले. म्हणजे या खुणेवरून पातळी चढली आहे एवढे निश्चित सांगता येते, परंतु दाबाचा नेमका आकडा सांगण्यासाठी यंत्रच हवे. मोजून जे ठरले ते पुन्हा मोजून दुरुस्त करावे, यात लुईलाही आनंदच वाटला असता.

आता जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते २०१८ मध्ये सुरू झाले. हृदयाची सोनोग्राफी दोन्ही शहरांत होते. मग बोटाने बरगड्या मोजणारे आणि मानेकडे पाहत बसणारे डॉक्टर कशाला हवेत, असा प्रश्न कोणीही विचारील. भाचीने त्याचे उत्तर वादविवादाने दिले नाही. ती शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रात काही काळ होती. तेथे सोनोग्राफीचे यंत्र नव्हते. ईसीजीचे होते, पण त्या पट्ट्या नेमक्या कोठे लावायच्या हे तेथील नवख्या परिचारिकांना कोणी धड दाखवले नव्हते. पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना एकत्र बसवले आणि प्रत्येकीला स्वतःच्या छातीवरचा उंचवटा शोधायला लावला. “पहिली सापडणार नाही, ताई,” ती म्हणाली, “दुसरीपासून मोजा.”

काही दिवसांनी डोंगरातल्या पाड्यावरून एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने पाठीवर घालून आणले. त्याला दम लागत होता. कोठेतरी त्यालाही दम्याचे औषध मिळत होते. भाचीने त्याला खाटेवर अर्धवट बसवले आणि त्याची मान डावीकडे वळवली. फूटपट्टी केंद्रात होती, ती कार्यालयातल्या टेबलावर. आकडा वाचून तिने औषध सुरू केले, १०८ ला फोन केला आणि चिठ्ठीवर धुळ्याच्या डॉक्टरांसाठी निदान लिहिले. शिरपूरच्या रस्त्याने गाडी निघून गेल्यावर एका परिचारिकेने तिला विचारले, “ताई, तुम्ही पट्टीने काय मोजलं?” तेव्हा तिने त्या परिचारिकेला खाटेवर बसवले आणि पहिल्यापासून दाखवले.